हवेचा रकाना

इंदूरला मटार आला की ते कुणी सांगावं लागत नाही. सकाळच्या उन्हात ओट्याओट्यांवर पराती निघतात, स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी मटाराची गोणी उभी असते, आणि दुपारपर्यंत घराघरांतून हिंगाचा नि तळणीचा वास सुटतो. आता महिनाभर कचोरीत मटार, पोह्यांत मटार, पाहुण्याच्या पिशवीत मटार. लोकांना या हंगामात दाणे दिसतात. मला सालं दिसतात.

परवा आमच्या सुनेनं, मेधानं, आठ किलो मटार सोलला. बाल्कनीत सालांचा हिरवागार ढीग पडला होता आणि मी त्यात मनगटापर्यंत हात खुपसून बसलो होतो. वरची सालं गार. आत, अगदी मध्यावर, कोमट.

“बाबा, काय शोधताय? अंगठी पडली का?”

“तापायला लागलंय,” मी म्हटलं.

“मग काय, क्रोसिन देऊ त्याला? हटा ना बाबा, गाडी निघून जाईल. गीला कचरा आहे तो.”

खाली कचरागाडीचं गाणं वाजायला लागलं होतं. तिनं ढीग बादलीत भरला आणि जिना उतरली. माझ्या हाताला तो कच्चा, हिरवा, किंचित गोडसर वास तसाच राहिला. तो नाकाशी नेला आणि शहात्तराव्या वर्षी माझी छाती परीक्षेच्या निकालाच्या दिवसासारखी धडधडायला लागली.

सालं तापतात कारण ती श्वास घेत असतात. तोडलेली, सोललेली, फेकलेली असली तरी. आणि त्यांच्यावर बुरशी चढली की तीही श्वास घेते, मग ऊब आणखी वाढते. ही एवढी गोष्ट मी आयुष्यभर शिकवली. ती मी कुणाकडून शिकलो, हे मात्र कुठेच लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या संस्थेतून निधीचा फोन आला. निधी तिथली आताची विभागप्रमुख, माझ्या विद्यार्थिनीची विद्यार्थिनी. “सर, स्मरणिका निघतेय. तुमचा लेख पाहिजेच. ती एअरफ्लोवाली स्टोरी लिहा ना, ‘टप्प्याची हवा’. आजपण आम्ही बच्चा लोकांना तुमच्या नावानंच शिकवतो.”

तुमच्या नावानंच. मी “बरं” म्हणून फोन ठेवला. मग कपाटाच्या वरच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर काढलं आणि मांडीवर घेऊन बसलो.

चाळीसेक वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. मी सकाळी कॉलेजात शिकवायचो, दुपारी संस्थेत माझं पीएच.डी.चं काम, संध्याकाळी पलासियाला शिकवणी. वडील कापडाच्या मिलमध्ये कारकून होते. कापडाला लावलेली खळ काढायला किती खटाटोप लागतो, हे जेवताना ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे बुरशी वाढताना एक रस सोडते, त्यातल्या एन्झाइमनं खळ सुटते, फळांचा रस नितळ होतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्याच घरातली अडचण कुणीतरी सोडवल्यासारखं वाटलं होतं. आणि ही बुरशी खाते काय, तर फेकून दिलेली सालं.

मंडीतून सालांची पोती यायची. ती वाळवायची, भरड दळायची, गव्हाच्या कोंड्यात कालवून ओलसर करायची, मोठ्या कुकरसारख्या भांड्यात वाफवायची आणि हाताएवढ्या जाड काचेच्या नळकांड्यांत सैलसर भरायची. त्याला बुरशीचं विरजण लावायचं. नळकांड्याच्या बुडाशी रबरी नळी, नळीला माशांच्या टाकीला लावतात तसला पंप, आणि मध्ये पाण्याची एक बाटली. हवा तिच्यातून बुडबुडत, ओली होऊन वर चढायची.

प्रश्न एकच होता. हवा किती द्यायची आणि कधी.

हवा कमी पडली की मधला भाग गुदमरायचा. बुरशी मरायची, तिथे दुसरेच जंतू शिरायचे, सगळं तपकिरी आणि बुळबुळीत व्हायचं, आणि चार दिवस विसरलेल्या इडलीच्या पिठाचा वास यायचा. जास्त झाली की कडा पापडासारख्या वाळायच्या. बुरशी घाबरून वेळेआधीच बीजाणू धरायची आणि काचेच्या आत काळी पूड जमायची. आणि बेताची मिळाली तर! अठरा तासांनी काचेवर आतून कुणी श्वास सोडावा तसं धुकं. मग दाण्यादाण्यावर पांढरी लव. मग एका रात्रीत सगळं नळकांडं कापसासारखं शुभ्र, वास पावसाळी रानातल्या जमिनीचा, आणि बाहेर काढावं तर सगळा ऐवज वडीसारखा एकसंध हातात यायचा. असं त्या हंगामात आमचं चार वेळा झालं. चारही वेळा मी जिन्यावरून पळत जाऊन आमच्या मार्गदर्शकांना, डॉक्टरसाहेबांना, खाली घेऊन आलो होतो.

नळकांडी भरायच्या त्या विमलताई. प्रयोगशाळेत रोजंदारीवर मदतनीस होत्या, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. महूच्या. वडील पलटणीत होते, त्यामुळे वेळेच्या पक्क्या. छोट्या लाइनच्या सकाळच्या आगगाडीनं यायच्या आणि नऊला त्यांचा ओला हात टॉवेलला पुसला जात असायचा. मॅट्रिक झालेल्या, वाचायची आवड, आणि जीभ तिखट.

पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, “सर, एक बोलू? पहिल्या दिवशी हवा कशाला देताय तिला?”

“कारण बुरशीला ऑक्सिजन लागतो, विमलताई.”

“लागतो ना. पण ती उठली तर पाहिजे आधी. घरी मुगाला मोड आणायला फडक्यात घट्ट बांधून ठेवतो का पंख्याखाली पसरतो?”

मी हसलो होतो. “हे मूग नाहीत,” असं म्हणून इंग्रजी शोधनिबंधातली ओळ दाखवली होती: पहिल्या तासापासून, अखंड, सारखी हवा. त्यांनी तो कागद नीट पाहिला, म्हणाल्या, “साहेब लोकांचा कोंडा वेगळा असेल,” आणि कामाला लागल्या.

आता रजिस्टरबद्दल. डॉक्टरसाहेबांना नीटनेटकं रजिस्टर फार आवडायचं. मी लाल शाईनं रकाने आखायचो: वेळ, तापमान, ओल, हवा, रंग, शेरा. आणि सोमवारी सकाळी, अक्षर चांगलं लागत असताना, हवेचा रकाना आठवडाभराचा एकदम भरून टाकायचो. वर ‘ऑन’, आणि खाली शनिवारपर्यंत डिट्टोच्या खुणा. हवा काय, पंप लावला की चालूच राहणार, त्यात रोज काय बघायचं, असं मला वाटायचं. विरजण दुपारी तीनला लागायचं. पंप लावायचं विमलताईंवर सोपवून मी लगेच शिकवणीला निघायचो. दुसऱ्या दिवशी बाराला कॉलेजातून यायचो तेव्हा पंप घुमत असायचा. तो कधी सुरू झाला हे मी कधी विचारलंच नाही.

उन्हाळ्यानंतर माझा पहिला निबंध छापून आला. अखंड, सारखी हवा. पुढच्या हिवाळ्यात, पुन्हा मटार आला तेव्हा, दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेतून नम्र पत्र आलं: आम्ही तुमच्याप्रमाणेच केलं, आमचं वाळून जातं, कृपया मार्गदर्शन करावं. डॉक्टरसाहेब म्हणाले, “बोलवा त्यांना. डोळ्यांसमोर करून दाखवू.”

पाहुणे यायच्या आठवड्यात विमलताई भाचीच्या लग्नाला चार दिवस रजेवर होत्या. मी एकट्यानं सगळं केलं, रजिस्टरात होतं तसं, अक्षरशः तसं. पहिल्या तासापासून पंप. तिसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. नळकांड्यांत कडेला भेगा पडलेल्या, मध्ये काळी पूड. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

“दिघे, हे तुम्ही वाढवलंय की वाळवलंय?”

पाहुणे सभ्यपणे खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी विमलताई आल्या. हाताची मेंदी अजून लाल होती. नळकांड्यांकडे एकदा बघून म्हणाल्या, “पहिल्या दिवसापासून पंप लावलात?”

“रजिस्टरात तसंच आहे.”

“रजिस्टर तर तुम्ही सोमवारीच भरता, सर.” हे त्या टोचून बोलल्या नाहीत. सोमवारी सोमवार असतो तसं बोलल्या. “मी नव्हते लावत पहिल्या दिवशी. सकाळी आले की काचेला उलटा हात लावायची. गार असेल तर थांबायची. कोमट लागली की पंप. मग जशी जास्त तापेल तशी जास्त. मला वाटलं, तुम्ही बघताय.”

मला तो क्षण अजून लख्ख आठवतो, कारण आधी मला लाज वाटली नाही. आधी आनंद झाला. उडी मारावी असा. सगळं एका झटक्यात बसलं: बीजाणू उगवायला ओल आणि ऊब हवी, तेव्हा हवा दिली की दोन्ही उडून जातात. ती उठली, वाढायला लागली, की तिला भरपूर हवा हवी, श्वासाला आणि अंगची ऊब बाहेर टाकायला. हवेचं माप घड्याळानं ठरवायचंच नाही. ते बुरशीनं सांगायचं असतं, आणि ती ते काचेतून सांगत होती. माझा दोन वर्षांचा प्रश्न या बाईच्या पालथ्या हातानं सोडवला होता.

मग डॉक्टरसाहेबांचं बोलावणं आलं. जिना चढता चढता आनंद उतरला. हे सांगायचं म्हणजे रजिस्टर खोटं आहे हे सांगायचं. छापलेला निबंध खोटा आहे हे सांगायचं. त्यांनी विचारलं, “नक्की चुकलं काय?”

मी म्हणालो, “पाण्याची बाटली कोरडी पडली होती, सर. कोरडी हवा गेली. विमलबाईंचं काम होतं ते, रजेवर जाण्याआधी.”

दोन-तीन वाक्यं. तोलून, शांत आवाजात बोललो. पुढच्या सोमवारपासून विमलताई आमच्या प्रयोगशाळेत नव्हत्या. त्यांना मागच्या इमारतीत बाटल्या धुवायला दिलं, आणि मटार संपता संपता त्यांची रोजंदारीही संपली. शेवटच्या दिवशी त्या मला जिन्याखाली भेटल्या.

“सर, बाटली भरलेली होती.”

मी म्हणालो, “हो, बघू.”

ते ‘बघू’ चाळीस वर्षं चाललं. पुढच्या हंगामात मी दुसरा निबंध लिहिला: हवा टप्प्याटप्प्यानं द्यावी, आधी बंद, मग तापमान बघून वाढवत न्यावी. पीएच.डी. मिळाली. पद्धतीला माझं नाव चिकटलं. नंतर कित्येक मुलांना मी तीच युक्ती शिकवली, तोच मुगाचा दाखला देऊन, आणि वर्ग हसायचा. त्या हसण्याचा मला दर वेळी मोह पडायचा, आणि घरी गेल्यावर जेवण जायचं नाही. महू काही लांब नाही. पोरांना घेऊन त्या बाजूला सहलीला गेलो तरी गाव येईस्तोवर मी गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत बसायचो.

परवा हाताचा तो वास गेला नाही. काल सकाळी रजिस्टर पिशवीत घातलं आणि महूची बस धरली.

घर शोधायला वेळ लागला नाही. नाव घेताच पानवाल्यानंच, “शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या विमल मॅडम ना?” म्हणत बोट दाखवलं. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, कणा तसाच ताठ. मला ओळखायला त्यांना एक क्षणही लागला नाही, आणि त्याचीच मला भीती होती.

“जय भीम, सर. या आत. चप्पल तिकडे.”

मी बसलो. पाणी आलं. बोलायचं ठरवून आलेलं सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, “विमलताई, त्या बाटलीबद्दल बोलायला आलोय.”

“अच्छा.” त्या समोर बसल्या. “बघितली का मग?”

मी सगळं सांगितलं. केबिनमध्ये काय बोललो, ते शब्दही, आणि निधीच्या फोनचंही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाटलीचं मला माहीत होतं. कुणीतरी सांगितलं होतं तेव्हाच. रडले एक दिवस. दुसरा निबंध पण वाचला होता मी. शाळेत नोकरीला असताना मागवून घेतला. चांगला लिहिलाय. तिसऱ्या पानावर चूक आहे.”

“कुठली?”

“तुम्ही लिहिलंय, वास बदलला की हवा सुरू करावी. वास उशिरा बदलतो, सर. हात आधी सांगतो. उलटा हात. तुम्ही मला तरी विचारायचं होतं.”

मी म्हटलं, “माफ करा मला.”

“बघू,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोडं हसल्या.

मी पिशवीतून निळं रजिस्टर काढलं, तो आठवडा उघडला, पेन पुढे केलं. माझी योजना मोठी सुंदर होती. हवेच्या रकान्यात, माझ्या खुणांच्या शेजारी, त्यांनी स्वतःच्या हातानं खरं काय ते लिहायचं. तेच पान स्मरणिकेत छापायचं. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. माझ्या सुबक डिट्टोंवरून बोट फिरवलं.

“चाळीस वर्षांनी आठवून भरू? किती वाजता लावला, किती वाजता वाढवला?” त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. “मग तुम्ही बघितल्याशिवाय भरलं आणि मी पण तेच करू? नाही, सर. खोटं आहे ते राहू द्या खोटं. वर लिहा की खोटं आहे, सही करा.”

मी तिथेच, त्यांच्या टीपॉयवर, लिहिलं आणि सही केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली. मग आतून परात आणून माझ्यासमोर ठेवली. तीत सालं होती. त्यांच्याकडेही सकाळीच मटार सोलला होता.

“हंगाम चालू आहे ना,” त्या म्हणाल्या. “तुमच्या त्या मॅडमना विचारा, नळकांडं देतील का.”

मी निधीला तिथूनच फोन लावला. ती ऐकत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, “सर, हे सगळं छापायचं?” मी म्हटलं, “हेच छाप.” ती म्हणाली, “मग आत्ताच या ना दोघं. विरजणाचं कल्चर तयार आहे, सालांची भरड नि कोंडा वाफवून ठेवते.”

आणि काल दुपारी आम्ही दोघं त्या प्रयोगशाळेत होतो. फरशी नवी, दिवे नवे, पण नळकांडं निधीनं भांडारातून जुनंच शोधून काढलं होतं. विमलताईंनी बाही वर केली, हात धुतले, सालं नि कोंडा भरायला लागल्या. मी मदत करायला गेलो तर म्हणाल्या, “दाबू नका. तुमचा हात पहिल्यापासून जड आहे.” निधीच्या दोन विद्यार्थिनी हसल्या, मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या. मीच हसलो म्हणून पुन्हा हसल्या.

तीन वाजता विरजण लागलं. नव्या रजिस्टरात, हवेच्या रकान्यात, विमलताईंनी लिहिलं: दुपारी तीन, हवा बंद. त्यांचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहत होतो. गोल, सुटं, घाई नसलेलं. आणि काय सांगू, माझा हात आपोआप पुढे गेला, खालच्या ओळीवर पेन टेकलं. सवय. त्यांनी ते पेन माझ्या बोटांतून काढून घेतलं, टोपण लावलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

“उद्या,” त्या म्हणाल्या.

आज मी आठलाच जाऊन बसलो. काचेला हात लावला नाही. माझ्या वयाच्या माणसानं एका नळकांड्यासमोर तासभर हात मांडीखाली दाबून बसावं, हे मेधाला सांगितलं तर ती खरोखर थर्मामीटर आणेल. नऊला विमलताई बसनं आल्या. टॉवेलला हात पुसला. उजव्या हाताची पालथी बाजू काचेला टेकवली आणि डोळे मिटले.

“अजून नाही.”

चहा आला. आम्ही तो प्यायलो. साडेनऊला पुन्हा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि मला तो चेहरा वाचता येत नव्हता, म्हणजे काच वाचायचं तर लांबच. पावणेदहाला त्यांनी हात टेकवला आणि तसाच ठेवला. काचेवर आतून, अगदी खाली, धुक्याची बोटभर पट्टी उमटली होती.

“या इकडे,” त्या म्हणाल्या. “उलटा हात.”

मी हात लावला. कोमट. तापाच्या आधी लहान मुलाचं कपाळ लागतं तेवढंच. चाळीस वर्षं ज्याच्यावर मी व्याख्यानं दिली ते मी आज पहिल्यांदा हातानं पाहिलं.

त्यांनी पर्समधून पेन काढलं, वेळ लिहिली, ‘हवा सुरू’ लिहिलं. मग पंपाकडे गेलेला माझा हात थांबवला, पाण्याची बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्यासमोर आणली.

“बघून घ्या.”

मी पाहिली. गळ्यापर्यंत पाणी होतं, त्यात खिडकीतलं ऊन हलत होतं.

“बघितली,” मी म्हटलं.

“मग लिहा.”

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: बाटली भरलेली आहे. मी पाहिली. खाली सही केली, आणि पंपाचं बटण दाबलं.